अद्भुताला रद्दीत घालू नका

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी गेली अकरा वर्षे आहे. गेल्या आषाढात मंडळाची सभा भरली. चहा झाला, मागील सभेचे इतिवृत्त मंजूर झाले, पंख्याच्या दुरुस्तीवर पाऊण तास खल झाला, आणि मग सातवा विषय निघाला. ‘यंदाच्या ग्रंथखरेदीतून जादूटोणा, राक्षस, चेटूक इत्यादी असलेल्या अद्भुत कादंबऱ्या व किशोरांसाठी म्हणून निघणारी तत्सम पुस्तके वगळण्यात यावीत,’ असा ठराव होता. ठराव मांडणारे गृहस्थ माझे जुने स्नेही आहेत. सज्जन आहेत, व्यासंगी आहेत. त्यांनी पाच मिनिटे भाषण केले. ही पुस्तके मुलांना वास्तवापासून पळायला शिकवतात, ती परदेशी असतात, जाडजूड असतात, आणि ती वाचून मुलगा शहाणा होत नाही, असे त्यांचे चार मुद्दे होते.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, “यांतले आपण कोणते वाचले आहे?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी त्यांना गुत्त्याचा पत्ता विचारला होता. मग मी इतरांकडे पाहिले. कोणीही एकही पुस्तक वाचलेले नव्हते. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. दुसरे मत आमच्या ग्रंथपालबाईंचे होते. त्यांना मताचा अधिकार नाही हे मागाहून कोणाच्या तरी लक्षात आले, आणि इतिवृत्तात पाच विरुद्ध एक अशी नोंद झाली.

वाचकहो, तो एक मी. आणि त्या एका मताची ही कैफियत आहे. पण आधी एक कबुलीजबाब दिला पाहिजे. तो न देता मी त्या पाचजणांवर तुटून पडलो, तर ती लबाडी होईल.

१९९१ साली माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात ‘चांदोबा’चे अंक होते, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ होता, भागवतांनीच ज्यूल व्हर्नवरून मराठीत आणलेली चंद्राची नि पाताळाची सफर होती. सहामाही परीक्षेत त्याला गणितात पस्तीस गुण मिळाले. मी काही बोललो नाही. तो शाळेत गेल्यावर रद्दीवाल्याला हाक मारली आणि पेटी रिकामी केली. अकरा रुपये आले. संध्याकाळी त्याने पेटी उघडली, पाहिली, बंद केली. रडला नाही, भांडला नाही. वार्षिक परीक्षेत गणितात बासष्ट गुण मिळाले, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तो आज मोठा हुद्देदार आहे. पलीकडच्याच पेठेत त्याचे प्रशस्त घर आहे. त्या घरात सगळे काही आहे; फक्त पुस्तकाचे कपाट नाही. तेराव्या वर्षानंतर त्याने आपण होऊन एकही पुस्तक वाचलेले मी पाहिले नाही. बासष्ट गुणांची किंमत ही अशी पडली! म्हणून म्हणतो, त्या सभेतल्या पाचजणांना मी चांगला ओळखतो. चौतीस वर्षे त्यांच्यातलाच एक होतो.

आता त्यांचे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा, की हे सगळे खोटे असते. मुलांनी खरे वाचावे. ठीक आहे. मग आधी आपल्याच फडताळातली पुस्तके काढा. मराठी गद्य छापखान्यात शिरले, तेव्हा १८१४ साली सेरामपूरला मोडी लिपीत छापली गेलेली ‘सिंहासनबत्तिशी’ हे अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक. त्यात सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या राजाला अडवून गोष्टी सांगतात! ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला कोण बसले? कोणी पोटार्थी लेखकू नव्हे. सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिणारे, व्याकरणावर निबंध लिहिणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर. त्या पंडिताला दिव्यातला राक्षस वर्ज्य वाटला नाही. आणि घरोघरच्या आज्यांनी सांगितलेला घटोत्कच, मारुतीची उडी, पाताळातली नागकन्या? ते आपले म्हणून संस्कार, आणि नातीच्या हातातले पुस्तक परक्याचे म्हणून चेटूक! हा न्याय मला तरी समजत नाही.

खरे सांगायचे तर या आक्षेपाला आपल्याकडे दीडशे वर्षांची परंपरा आहे. नारो सदाशिव रिसबुडांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ लिहिली. प्रस्तावनेत त्यांनी जवळजवळ माफीच मागितली. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे फारसे घडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असे त्यांनी बजावले. पुढे हरिभाऊ आपटे आले, आणि रोजच्या आयुष्यात केवढे काय घडते, माजघरात केवढी दुःखे असतात, हे त्यांनी दाखवून दिले. ते फार मोठे काम झाले. त्यापुढे मी नम्र आहे. पण त्या दिवसापासून आपण एक चुकीचा धडा शिकलो. वास्तव म्हणजे अन्न आणि अद्भुत म्हणजे अन्न नसताना चघळायची सुपारी, असे आपण धरून चाललो. रिसबुडांची माफीही चुकीची आणि आपला धडाही चुकीचा. अद्भुत ही वास्तवाच्या अभावी काढलेली उधारी नव्हे. वास्तवातली जी गोष्ट सरळ डोळ्यांनी पाहवत नाही, ती पाहण्याची ती एक रीत आहे.

यावरून दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. पळवाट! हा शब्द उच्चारला, की आपल्याकडच्या टीकाकाराला फार मोठे काही बोलल्याचे समाधान मिळते. मला सांगा, पळाले कोण? नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. मी ती नवव्या वर्षी वाचली, माळ्यावर बसून, दिवेलागण होऊन अक्षरे दिसेनाशी होईपर्यंत. घोडे, तलवारी, भुयारे, कपटी सरदार! त्या दौडीत मी असा सापडलो, की जेवायची हाक ऐकू आली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले, की हा लेखक शिकारीला गेला असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळला होता. त्याचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते, आणि तो अंथरुणाला खिळल्यावर लेखनाकडे वळला होता. ज्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्याने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना घोड्यावर बसवले. याला पळवाट म्हणायची असेल, तर जरूर म्हणा. मी त्याला पराक्रम म्हणतो.

इंग्रज लेखक टोल्किन १९१६ साली सोमच्या खंदकांत लढला. ते युद्ध संपेपर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच काय तो जिवंत उरला होता. त्याच्या पुस्तकात बुटके लोक आहेत, जादूच्या अंगठ्या आहेत हे खरे. पण दोन मित्र, अन्न संपलेले, पाय रक्ताळलेले, राखेच्या मुलखातून एकमेकांना ओढत नेत आहेत, हे चित्र त्याला कोणत्या परीने दिले असेल? हॅरी पॉटरची कथा लिहायला घेतली असतानाच, १९९० च्या डिसेंबरात, रोलिंगबाईंची आई वारली. त्यांच्या पहिल्या पुस्तकात एक आरसा आहे. त्यात पोरक्या मुलाला त्याचे मेलेले आईबाप शेजारी उभे असलेले दिसतात, आणि तो रोज रात्री लपतछपत तिथे जाऊन बसतो. वास्तवापासून पळणे म्हणतात ते हेच काय?

हे सगळे मी पुस्तकांतून शिकलो असे मात्र समजू नका. मला ते माझ्या नातीने शिकवले. ती चौदा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे येते आणि तिची आई कामावरून परत येईपर्यंत थांबते. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. त्यानंतर काही महिने मी गॅलरीतल्या खुर्चीत बसून असे. वर्तमानपत्र मांडीवर तसेच असे. भेटायला येणारे गीतेतले श्लोक सांगत, कोणी ‘मन रमवा’ म्हणत. एके दिवशी ही पोर आली, माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली, आणि दप्तरातून चॉकलेटची वडी काढून तिने माझ्या हातावर ठेवली.

“आबा, हे खा.”

“अगं, मला साखर वर्ज्य आहे.”

“थोडंसंच खा. ते येऊन गेलेत तुमच्याजवळ.”

ते म्हणजे कोण, हे मला तेव्हा कळले नाही. मी विचारले, तर तिने तिसरा खंड आणून दिला. त्या खंडात तोंडावर बुरखे घेतलेले पहारेकरी आहेत. ते जवळ आले की हवा गार होते, माणसाची सारी सुखाची आठवण ते शोषून घेतात, आणि आता आपण पुन्हा कधीच आनंदी होणार नाही असे त्याला वाटू लागते. त्यातून सावरायला त्या पोराचे मास्तर त्याला चॉकलेट देतात. स्वतःच्या खिन्नतेच्या आजारातून हे पहारेकरी आपल्याला सुचले, असे लेखिकेने सांगितले आहे. मी ते प्रकरण वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या व्यासंगात त्या खुर्चीतल्या माणसाचे इतके अचूक वर्णन मला सापडले नव्हते. आणि ते ओळखायला, त्यावर उपाय करायला, त्या पोरीला कोणत्याही प्रवचनाची गरज पडली नव्हती. अद्भुत वाचून मुलगा शहाणा होत नाही म्हणे!

त्या दिवसापासून मी तिची पुस्तके वाचू लागलो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या मैत्रिणींची बोलणी ऐकू लागलो. शनिवारी दुपारी चार-पाच मुली आमच्या जिन्यात बसतात आणि पुस्तकांवरून भांडतात. मी दार किलकिले ठेवून आत आरामखुर्चीत असतो. वाचकहो, मी आयुष्यात पुष्कळ परिसंवाद ऐकले, दोन-चार साहित्य संमेलने पाहिली. इतकी सडेतोड समीक्षा फार थोड्या व्यासपीठांवर ऐकली. एक अमेरिकन कादंबरी आहे, ‘हंगर गेम्स’ नावाची, २००८ सालची. बारा ते अठरा वर्षांची चोवीस मुले एका रिंगणात सोडतात. एकानेच जगायचे, बाकीच्यांनी एकमेकांना मारायचे, आणि देशभर लोकांनी ते पडद्यावर बघायचे. मला वाचताना शिसारी आली. जिन्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “म्हणजे आपल्या प्रवेशपरीक्षेसारखंच. फक्त इथे मेलेलं दिसतं.” कोणी हसले नाही. पुढच्या एका पुस्तकाचा मात्र त्यांनी चोळामोळा केला. “राज्य पेटलंय, माणसं मरताहेत, आणि हिचं चाललंय, हा मुलगा की तो मुलगा!” असा निकाल देऊन माझ्या नातीने दुसऱ्या खंडातच ते मिटले आणि वाचनालयाला परत केले.

हे मी मुद्दाम सांगतो. या पुस्तकांत टाकाऊ माल नाही असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ आहे. एक चालले म्हणून त्याच साच्यातली दहा काढलेली, पाण्याने फुगवलेली, तीन खंडांत ओढलेली. पण टाकाऊ सामाजिक कादंबऱ्या काय कमी आहेत? त्यांच्यापायी सामाजिक कादंबरी विकत घेऊ नये असा ठराव कोणी केला आहे काय? धान्यात खडे असतात म्हणून कोणी चूल विझवत नाही, निवडायला बसतो. आणि निवडायचे काम, माझ्या अनुभवाने सांगतो, ही मुले आपल्यापेक्षा चोख करतात. त्यांना फसवणे सोपे नाही. मोठा वाचक लेखकाच्या नावाला भुलतो, पुरस्काराला भुलतो, कंटाळा आला तरी प्रतिष्ठेखातर शेवटापर्यंत रेटतो. मूल पुस्तक पालथे टाकते आणि खेळायला जाते.

हे जगातल्या दोन प्रकाशकांना वेळीच कळले. १९३६ साली लंडनच्या स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे एक विचित्र हस्तलिखित आले. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले आणि अभिप्राय लिहून मागितला. मोबदला एक शिलिंग. मुलाने लिहिले, की पुस्तक चांगले आहे आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. आपण स्वतः दहा वर्षांचे, तेव्हा आपण त्यात मोडत नाही, हे त्याने किती अदबीने सुचवले पाहा! १९३७ साली ते ‘हॉबिट’ म्हणून निघाले. पुढे तोच रेनर मोठा झाला, आणि टोल्किनचा भलामोठा त्रिखंडात्मक ग्रंथ छापला तर हजार पौंडांचे नुकसान होईल असा हिशेब करूनही तो छापायच्या बाजूने उभा राहिला. १९५४-५५ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते नुकसान काही झाले नाही, हे सांगायला नकोच. पुढे साठ वर्षांनी लंडनच्याच दुसऱ्या एका प्रकाशकाने हॅरी पॉटरचे आरंभीचे प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिले. ती वाचून खाली आली ती पुढची प्रकरणे मागतच. १९९७ साली पहिली आवृत्ती पाचशे पुठ्ठाबांधणी प्रतींची निघाली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही वेळा शहाण्या माणसाने एकच केले: ज्याच्यासाठी पुस्तक आहे त्याला विचारले.

आणि आम्ही मोठी माणसे? आमची गंमत ऐका. ही पुस्तके मोठ्यांनाही आवडू लागली, तेव्हा १९९८ साली त्याच प्रकाशकाने निराळ्या, गंभीर मुखपृष्ठाची आवृत्ती काढली; आगगाडीत बसून वाचताना प्रौढांना लाज वाटू नये म्हणून! आत अक्षर न् अक्षर तेच. २००० सालच्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खपाच्या यादीतून मुलांची पुस्तके उचलून वेगळी यादी केली, कारण मोठ्यांच्या कादंबऱ्यांना वरच्या पायऱ्या मोकळ्या मिळेनात. आणि त्याच देशात २००० ते २००९ या दहा वर्षांत ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी झाल्या, त्यांत पहिला क्रमांक या हॅरी पॉटरचाच होता. तेव्हा आमच्या पेठेतल्या पाचजणांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांना जगभर सोबत आहे.

उरला एक आक्षेप: ही पुस्तके परदेशी असतात. हा मात्र खरा आहे, आणि तो बोचतो. पण तो कोणावर उलटतो याचा विचार करा. मराठी मूल दहा वर्षांचे होईपर्यंत त्याच्यासाठी आपण चित्रांची पुस्तके काढतो, बडबडगीते रचतो. ते सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्याच्या हातात ‘स्वामी’ नि ‘मृत्युंजय’ देतो. मधली सहा वर्षे? ज्या वर्षांत आवाज फुटतो, आरशाशी भांडण होते, आईबाप देव नाहीत हे समजते, मरणाची पहिली भीती वाटते, त्या वर्षांसाठी आपण किती लिहिले? भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ मासिक सुरू केले, फास्टर फेणेला सायकलवर बसवले. १९७१ पासून ‘किशोर’ निघते आहे. ही आणि अशी काही मोजकी माणसे सोडली, तर आपल्या थोर थोर लेखकांनी या वयाकडे पाठच फिरवली. कारण त्यात मान नाही. मुलांसाठी लिहिणारा तो बालसाहित्यिक, म्हणजे पंगतीत शेवटच्या पाटावरचा! अंगणात आपण विहीर खणली नाही, आणि पोर शेजारच्या आडावर पाणी प्यायला गेले म्हणून त्याच्या हातातला तांब्या काढून घेतो. ठराव करायचाच असेल, तर दरवर्षी एका चांगल्या मराठी लेखकाला तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहायला भाग पाडावे, असा करा. मी अनुमोदन देतो.

पुढच्या सभेसाठी मी एक सूचना पाठवली आहे. वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीत दोन जागा चौदा वर्षांखालील सभासदांना द्याव्यात. त्यांच्यासाठीच्या पुस्तकांवर त्यांचे मत घ्यावे, आणि ते लिहून ठेवावे. मोबदला म्हणून शिलिंग नको. खारे दाणे पुरतील. सूचना फेटाळली जाईल हे मला दिसते आहे. पण इतिवृत्तात तिची नोंद होईल, एवढे मला पुष्कळ आहे.

आणि एक काम घरातले. पाडव्याला मुलगा जेवायला येणार आहे. फास्टर फेणेची पुस्तके आजही दुकानात मिळतात. मी चार आणून ठेवली आहेत. पत्र्याच्या त्याच पेटीत. ती पेटी त्याच्या आईने माळ्यावर जपून ठेवली होती, हे मला ती गेल्यावर कळले. त्याला काय म्हणायचे हे मी अजून ठरवलेले नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला ती नकोतही असतील. तसे असले, तर तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. १९९१ साली मी त्याला तो दिला नव्हता.

तुमच्याही घरी या दिवसांत फराळाचे ताट बाजूला सारून, कोपऱ्यात पुस्तकात डोके खुपसून बसलेले एखादे पोर असेल. त्याला ‘अभ्यास कर’ म्हणू नका. ‘काय रे एवढं असतं त्यात?’ असेही तिरकसपणे विचारू नका. जवळ जा, सरळ विचारा, आणि मग दहा मिनिटे स्वतः काही बोलू नका. रद्दीवाला काय, तो केव्हाही हाकेच्या अंतरावर असतो.